ज्येष्ठ ड्रायव्हरचा शब्द संघात किती चालावा?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. कार शर्यतींच्या एका संघात चाळिशी ओलांडलेला, दीड दशक शर्यती केलेला ड्रायव्हर आहे. शेजारच्या गाडीतला तरुण मुलगा क्वालिफाइंगमध्ये (शर्यतीत कुणी कुठून सुटायचं ते ठरवणाऱ्या सत्रात) त्याच्या दोन-तीन दशांश सेकंद पुढे असतो. तरीही संघप्रमुख सांगतात, "गाडी सुधारायची तर हा माणूस हवाच." यात तथ्य किती आणि नावाचा दबदबा किती, हे विचारणाऱ्याला जाणून घ्यायचं आहे. शिवाय असा ड्रायव्हर असेल तर त्याचं ऐकायचं कुठपर्यंत, हेही.

आधी माझ्याबद्दल दोन वाक्यं, म्हणजे पुढचं कशाच्या आधारावर लिहितोय ते कळेल. सुरुवातीला डेटा इंजिनिअर आणि मग रेस इंजिनिअर म्हणून माझी बरीच वर्षं सिंगल सीटर आणि टूरिंग कारच्या संघांत गेली. त्यात तीन ज्येष्ठ ड्रायव्हरांबरोबर पूर्ण हंगाम काढले. दोघांमुळे संघ वर आला, तिसऱ्याच्या पायी एक वर्ष वाया गेलं. फॉर्म्युला वन आणि मोटोजीपीची (मोटरसायकलच्या सर्वोच्च शर्यतींची) जी उदाहरणं येतील ती सगळ्यांना माहीत असलेली आहेत. गॅरेजच्या आतल्या गोष्टी माझ्या स्वतःच्या.

आता मूळ मुद्दा. हा माणूस अजून वेगवान आहे का, हे घड्याळ सांगतंच. त्यासाठी कुणाला विचारायला नको. खरी अडचण वेगळी आहे. कुठल्याही संघाकडे वेळ मोजका असतो. सरावाचं सत्र तासाभराचं, टायरचे सेट मोजून दिलेले, कारखान्यात सुटे भाग बनवणारे हात ठरावीक. आणि करण्यासारख्या गोष्टींची यादी मात्र कधीच संपत नाही: पुढचा विंग (हवेच्या जोरावर गाडी जमिनीकडे दाबणारं पातं), ब्रेकचं कूलिंग, डॅम्पर (चाकांचे शॉक अॅब्सॉर्बर), स्टिअरिंगची जडता, सीटसुद्धा. यातलं आधी काय हातात घ्यायचं, हे रोज ठरवावं लागतं. ज्येष्ठ ड्रायव्हरचा प्रभाव म्हणजे या रांगेवरचा त्याचा ताबा. तो बोलला की तीस कामांमधलं एक उचलून पहिल्या क्रमांकावर येतं आणि बाकीची एकोणतीस मागे सरकतात. म्हणून त्याचं म्हणणं बरोबर असेल तर संघ झपाट्याने पुढे जातो, आणि चुकलं तर तेवढ्याच झपाट्याने भरकटतो.

"तो गाडी डेव्हलप करतो" हे वाक्य तुम्ही शंभर वेळा ऐकलं असेल. शब्दशः घेतलं तर ते खरं नाही. ड्रायव्हर काही डिझाइन करत नाही. तो मोजतो, आणि मोजलेलं अशा शब्दांत सांगतो की इंजिनिअरला त्यावर काम करता येतं. हे जवळून दाखवतो.

एका शुक्रवारी सराव संपल्यावर दोघे ड्रायव्हर डीब्रीफला, म्हणजे सत्रानंतरच्या बैठकीला, बसले होते. तरुण मुलगा वैतागलेला. "गाडी वळतच नाही, अंडरस्टिअर आहे." कुठे, विचारलं. "सगळीकडे." खोटं बोलत नव्हता तो, त्याला खरोखर तसंच जाणवत होतं. ज्येष्ठाने ट्रॅकचा नकाशा छापलेला कागद ओढला. प्रत्येक वळणापुढे तीन रकाने होते: आत शिरताना, मधे, बाहेर पडताना. पेन्सिलीने त्याने पाच वळणांपुढेच खुणा केल्या, बाकीची नऊ कोरी ठेवली. मग सहाव्या वळणावर बोट ठेवून म्हणाला, "ब्रेकवरचा पाय शेवटी पूर्ण उचलतो ना, तेव्हा पुढचं टोक हलकं होतं. गाडीच्या दोन लांबींएवढंच. त्या दोन लांबी भरून काढायला मी स्टिअरिंग जास्त फिरवतो, म्हणून बाहेर पडताना मागचं सुटतं. मागच्याला हात लावू नका, पुढचं बघा."

मी स्क्रीनवर ब्रेक प्रेशर, पुढचे डॅम्पर आणि स्टिअरिंगचा कोन एकाखाली एक लावले. ब्रेक सुटताच गाडीचं नाक भर्रकन वर उठत होतं आणि पुढचा विंग जमिनीपासून दूर जात होता. आम्ही पुढच्या डॅम्परचा रिबाउंड (नाक वर उठण्याला होणारा विरोध) दोन क्लिक वाढवला आणि शनिवारी सकाळी दोन्ही गाड्या बऱ्या झाल्या. नुसतं "बाहेर पडताना मागचं सुटतंय" एवढंच कानावर आलं असतं तर मी मागचा अँटी-रोल बार (वळणावर गाडी कलू न देणारा दांडा) मऊ केला असता. त्याने मूळ अंडरस्टिअर आणखी वाढलं असतं आणि अख्खा शनिवार आम्ही उलट दिशेने चालत राहिलो असतो.

यात मला सर्वांत मोलाची वाटली ती नऊ कोरी वळणं. जिथे काही बिघडलेलं नाही तिथे काही न बोलणं, हे नवख्याला फार जड जातं. त्याला वाटतं की जास्त सांगितलं म्हणजे जास्त मदत झाली.

दुसरी गोष्ट सातत्याची, आणि विचारणाऱ्याच्या "दोन-तीन दशांश" या मुद्द्याचं उत्तर इथेच आहे. समजा नव्या भागाने लॅपमागे अर्ध्या दशांशाचा, म्हणजे ०.०५ सेकंदाचा फायदा व्हायला हवा. ज्या ड्रायव्हरच्या सलग दहा लॅप्स तीन दशांशांच्या पट्ट्यात विखुरलेल्या असतात, त्याच्या वेळांमध्ये हा फायदा बुडून जातो. भाग चांगला की वाईट ते कळतच नाही. ज्याच्या दहा लॅप्स एका दशांशाच्या आत बसतात, त्याच्याकडून तो दिसू शकतो. म्हणजे एका जोरदार लॅपमध्ये जो मागे पडतो, तोच मोजमापासाठी जास्त भरवशाचा असू शकतो. ही दोन वेगळी कौशल्यं आहेत. काही तरुणांकडे दोन्ही असतात. पण वय वाढताना सहसा पहिलं आधी ओसरतं आणि दुसरं बराच काळ टिकतं, असं मी पाहिलं आहे.

त्या नकाशावाल्या ज्येष्ठाबरोबर एकदा आम्ही जुना विंग, नवा विंग, पुन्हा जुना अशी चाचणी घेत होतो. नवा विंग लावून चार लॅप्स झाल्यावर तो आत आला आणि हेल्मेट न काढताच म्हणाला, "हे आकडे धरू नका, वारा फिरलाय." पिटवॉलवरच्या (ट्रॅककाठी संघ बसतो तिथल्या) हवामान यंत्रात पाहिलं तर खरंच, मुख्य ब्रेकिंगच्या जागी समोरून येणारा वारा आता मागून येत होता. मागून वारा आला की विंगवरचा दाब कमी होतो आणि गाडी आत शिरताना सैल वाटते. आम्ही पाऊण तास थांबलो. थांबलो नसतो तर तो विंग नापास करून पेटीत गेला असता, आणि त्या वर्षीचा आमचा सर्वांत उपयोगी भाग तोच ठरला.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते. माणूस तोच आणि संघ वेगळा असला की निकाल किती बदलतो, यासाठी मला व्हॅलेंटिनो रॉसीइतकं स्वच्छ उदाहरण दुसरं सापडत नाही. गाडी नसून मोटरसायकल आहे, पण मुद्दा तोच. २००३ मध्ये यामाहाला मोटोजीपीची एकही शर्यत जिंकता आली नव्हती. २००४ साठी रॉसी होंडा सोडून तिथे गेला, सोबत त्याचा क्रू चीफ, म्हणजे मुख्य इंजिनिअर, जेरेमी बर्जेस आणि बहुतेक मेकॅनिक. पहिल्याच शर्यतीत, दक्षिण आफ्रिकेतल्या वेल्कमला, तो जिंकला आणि वर्षअखेरीस विजेतेपदही त्याचंच. हे सगळं श्रेय रॉसीला देऊन लोक मोकळे होतात. पण यामाहाच्या मासाओ फुरुसावा यांच्या हाताखालच्या इंजिनिअरांनी वेगवेगळ्या रचनेची इंजिनं आधीच तयार ठेवली होती. रॉसीने चालवून बघितली आणि असमान अंतराने फायरिंग होणारं इंजिन निवडलं. पर्याय संघाने दिले, बोट त्याने ठेवलं.

मग २०११. तोच रॉसी, तोच बर्जेस, डुकाटीत. आदल्याच वर्षी केसी स्टोनरने डुकाटीवर तीन शर्यती जिंकल्या होत्या. रॉसीचा शब्द इथेही चालला, किंबहुना जास्तच चालला: कार्बन फायबरचा सांगाडा सोडून डुकाटीने अॅल्युमिनियमची फ्रेम बनवली. एखाद्या कारखान्याने रायडरसाठी याहून मोठं काय करायचं? तरीही दोन हंगामांत तीन वेळा पोडियम (पहिल्या तिघांत जागा) आणि विजय एकही नाही. पुढचं टोक जाणवत नाही, ही त्याची तक्रार खरी होती असं मी मानतो. पण तक्रारीवर कारखान्यातून योग्य उत्तर यायला लागतं, तेही वेळेत. ज्येष्ठ ड्रायव्हर नेमका प्रश्न विचारू शकतो. उत्तर शोधणारी माणसं संघाकडे नसतील तर त्याच्या प्रश्नांनी घाई आणि गोंधळ तेवढा वाढतो.

दुसरी बाब चाचणीच्या दिवसांची. मायकेल शूमाकर १९९६ मध्ये फेरारीत आला तेव्हा संघाच्या दारात फिओरानोचा स्वतःचा ट्रॅक होता आणि चाचणीवर आजच्यासारखी बंधनं नव्हती. बेनेटॉनमधले त्याचे जुने सहकारी, तांत्रिक प्रमुख रॉस ब्रॉन आणि डिझायनर रोरी बर्न, त्याच्यामागून आले, संघप्रमुख ज्याँ टॉड आधीपासून होतेच. इतकं सगळं असूनही ड्रायव्हरचं विजेतेपद यायला २००० साल उजाडलं. त्याआधीचं फेरारीचं शेवटचं १९७९ मधलं होतं. म्हणजे त्या काळातल्या सर्वांत प्रभावी ड्रायव्हरला, हवी ती माणसं आणि हवा तेवढा ट्रॅक मिळूनही पाचवा हंगाम लागला.

आज तो ट्रॅकच मिळत नाही. २००९ पासून फॉर्म्युला वनमध्ये हंगामाच्या मधल्या चाचण्यांवर बंदी आली, २०२१ पासून खर्चावर मर्यादा आली. २०२५ च्या हंगामाआधी बहरीनला संघाच्या वाट्याला तीन दिवस आले, तेही एकाच गाडीवर, म्हणजे प्रत्येक ड्रायव्हरला सरासरी दीड दिवस. अशा काळात ड्रायव्हरचा प्रभाव ट्रॅकवरून सिम्युलेटरच्या खोलीत आणि बैठकांमध्ये सरकतो. २०२५ मध्ये फेरारीत आलेल्या लुइस हॅमिल्टनने स्वतःच सांगितलं की तो कारखान्यातल्या विभागप्रमुखांना भेटतो आणि आपली मतं लेखी देतो. त्या वर्षी त्याला चीनची स्प्रिंट (मुख्य शर्यतीआधीची छोटी शर्यत) जिंकता आली, मुख्य शर्यतीत मात्र एकदाही पोडियम मिळाला नाही. यावरून त्याचा उपयोग झाला नाही असं म्हणणं घाईचं होईल, कारण आज दिलेला सल्ला गाडीत उतरायला बऱ्याचदा पुढचा हंगाम उजाडतो. विचारणाऱ्याने हे लक्षात ठेवावं: ज्येष्ठाच्या पहिल्या वर्षाच्या निकालांवरून त्याच्या प्रभावाची किंमत करता येत नाही.

इथपर्यंतचं थोडक्यात सांगायचं तर, संघप्रमुख म्हणतात त्यात तथ्य आहे. पण ऐकून घेणारा, तपासणारा आणि बनवून देणारा संघ मागे असेल तरच.

आता रांगेवरच्या ताब्याचं एक जुनं उदाहरण, मला फार आवडतं ते. १९८३ मध्ये निकी लाउडा मॅकलॅरेनमध्ये होता, दोन विजेतेपदं गाठीशी असलेला. नवं टॅग-पोर्शे टर्बो इंजिन तयार होत होतं. डिझायनर जॉन बर्नार्ड यांचं म्हणणं, त्या इंजिनाला साजेशी नवी गाडी १९८४ ला येईल, तोवर थांबू. डिझायनर म्हणून हे अगदी रास्त होतं. लाउडाचं म्हणणं, आत्ताच शर्यतीत उतरवा, उणिवा यंदा दिसू द्या. त्याने प्रायोजकांकडून दबाव आणला आणि त्या वर्षीच्या डच ग्रांप्रीला टर्बो गाडी उतरली, ती फक्त लाउडाची. निकाल म्हणाल तर काही नाही. पण १९८४ मध्ये मॅकलॅरेनने १६ पैकी १२ शर्यती जिंकल्या, आणि लाउडाने सहकारी अॅलन प्रॉस्टला अर्ध्या गुणाने मागे टाकून विजेतेपद घेतलं. प्रॉस्टने सात शर्यती जिंकल्या होत्या, लाउडाने पाच. लाउडाने डिझाइनमध्ये बोट घातलं नाही. कुठलं काम कधी व्हावं यासाठी त्याने आपली सगळी पत पणाला लावली. डिझायनरच्या डोक्यावरून जाऊन असं करणं दरवेळी खपत नाही, आणि खपूही नये. त्याची पत तेवढी होती, आणि तो बरोबर होता.

धोका कुठे आहे, तेही स्पष्ट सांगितलं पाहिजे. संघ घड्याळाच्या मागे जातो. ज्या गाडीचा वेळ चांगला, तिकडे प्रत्येक लहानसा निर्णय झुकतो: थोडं टोकदार पुढचं टोक, थोडा मोकळा मागचा भाग. प्रत्येक निर्णय तेवढ्यापुरता योग्यच असतो, आणि दोन वर्षांनी लक्षात येतं की ही गाडी आता एकालाच चालवता येते. रेड बुलमध्ये मॅक्स व्हर्स्टापेनच्या शेजारची सीट बघा. गॅस्ली आणि आल्बन टिकले नाहीत, पेरेझ चार हंगाम राहिला आणि शेवटी तोही मागे पडला, २०२५ मध्ये लॉसनला दोन शर्यतींनंतर बदललं. २०२४ मध्ये व्हर्स्टापेन विजेता आणि संघ मात्र तिसरा. यात व्हर्स्टापेनचा दोष आहे असं मी म्हणत नाही. तो विलक्षण आहे आणि मिळेल त्या गाडीतून वेळ काढतो. पण गाडी एका हाताला बेतली गेली की दुसऱ्या गाडीकडून येणारी माहिती संघाला ऐकू येईनाशी होते, असं माझं मत आहे.

माझं वाया गेलेलं वर्ष याच जातीचं. आमच्या तिसऱ्या ज्येष्ठाला पुढचं टोक अतिशय कडक लागायचं, कारण त्याची ब्रेकिंगची पद्धत जुन्या टायरवर घडलेली होती. त्या वर्षी टायर बदलले होते. तरुण सहकारी तिसऱ्या शर्यतीपासून सांगत होता की पुढचे टायर दहा लॅप्समध्ये तापून जातात. टेलिमेट्रीतही (गाडीतल्या सेन्सरांच्या नोंदीत) ते दिसत होतं. मी बैठकीत तो आलेख दाखवला, ज्येष्ठ म्हणाला, "पोराला टायर सांभाळता येत नाहीत," आणि बैठक तिथेच संपली. कुणी उलट विचारलं नाही. मीही पुन्हा तो आलेख काढला नाही, ही चूक माझी, आणि तिची खंत मला अजून आहे. हंगामाच्या शेवटच्या तीन शर्यतींत, हरण्यासारखं काही उरलं नाही तेव्हा, मऊ सेटअप लावला आणि दोन्ही गाड्यांचे टायर टिकले.

त्या माणसाचा अनुभव खोटा नव्हता, शिळा झाला होता. नियम किंवा टायर मोठ्या प्रमाणात बदलतात त्या वर्षी हे हमखास तपासावं.

नंबर एक ड्रायव्हर, संघाचे आदेश, करारातली कलमं यावर मी फार लिहीत नाही. त्यावर चर्चा भरपूर होते आणि रोजच्या कामात त्यांचा वाटा लोकांना वाटतो तेवढा नसतो. दोघांमधला विश्वास मात्र रोज लागतो. २०२३ मध्ये बाकूच्या शर्यतीत फर्नांडो अलोन्सोने गाडी चालवताना रेडिओवरून स्वतःचं ब्रेक बॅलन्स (पुढच्या-मागच्या चाकांत ब्रेकची विभागणी) सांगितलं, सहकारी लान्स स्ट्रोलला उपयोग व्हावा म्हणून. एक लहानसा आकडा. पण शर्यत चालू असताना ज्येष्ठ आपणहून माहिती देतो, हे मेकॅनिकपासून सगळे ऐकत असतात. त्यानंतर त्या संघात माहिती दडवून ठेवणं अवघड होतं. ज्या गॅरेजमध्ये ज्येष्ठ आपला सेटअपचा कागद उलटा ठेवतो, तिथे आठवड्याभरात दोन्ही बाजूचे मेकॅनिकही एकमेकांशी जपून बोलायला लागतात. मी दोन्ही प्रकार पाहिले आहेत.

तेव्हा विचारणाऱ्याने आपल्या संघात हे करून बघावं. गेल्या पाच-सहा शर्यतींचे रन शीट (कधी गाडीत काय बदललं याच्या नोंदी) आणि डीब्रीफचे कागद समोर घ्यावेत. ज्येष्ठाच्या शब्दावर केलेल्या प्रत्येक बदलावर खूण करावी आणि पुढे बघावं: त्या बदलाने शेजारच्या गाडीलाही फायदा झाला का, की फक्त त्याच्याच? अधूनमधून त्याला न सांगता एखादी चाचणी घ्यावी. बदल सांगायचा आणि करायचा नाही, किंवा करायचा आणि सांगायचा नाही. चांगल्या ड्रायव्हरला याचा राग येत नाही. माझ्या पहिल्या ज्येष्ठाने तर स्वतःहून मागणी केली होती की महिन्यातून एकदा असं करत जा. दोन्ही गाड्यांना फायदा दिसत असेल तर क्वालिफाइंगमधले ते दोन-तीन दशांश विसरून त्याचा करार वाढवायला सांगा. फायदा एकट्याचाच दिसत असेल तर त्याचं म्हणणं ऐका, पण रांगेचा ताबा इंजिनिअरकडे परत घ्या.

आणि त्याच कागदांवर आणखी एक शेरा शोधा: "परत जुनं लावा", स्वतःच सुचवलेल्या बदलाबद्दल. माझ्याकडच्या जुन्या फायलींमध्ये पहिल्या दोघांच्या कागदांवर तो जवळजवळ प्रत्येक शर्यतीला आहे. तिसऱ्याच्या अख्ख्या हंगामात मला तो एकदाही सापडला नाही.